शाळेच्या भिंतीतली हातभर रेघ

आमच्या शाळेच्या भिंतीत शेकोटी होती. धुळ्यात! मे महिन्यात जिथे उन्हात ठेवलेल्या सायकलच्या सीटवर बसवत नाही, त्या गावात हेडमास्तरांच्या खोलीत कमानदार कोनाडा, तळाला लोखंडी जाळी आणि वर भिंतीच्या पोटातून थेट कौलांपर्यंत गेलेलं धुराडं. नकाशा काढणारा साहेब विलायतेत बसून काढत असावा. त्याने शेकोटी काढली, आणि नकाशात आहे म्हणून इथल्या माणसांनी ती इमानेइतबारे बांधली. तिच्यात कधी एक काटकी तरी पेटली असेल असं मला वाटत नाही. माझ्या वेळी तिच्यात गुंडाळलेले नकाशे, फुटका पृथ्वीगोल आणि लेझमांचा ढीग असायचा.

शेकोटी सोडली तर बाकी इमारत मात्र शहाणी होती. काळ्या दगडाच्या भिंती इतक्या जाड, की खिडकीच्या कोनाड्यात दोन मुली दप्तरांसकट मावायच्या. वर सागवानी कैच्या, त्यांच्यावर मंगलोरी कौलं. भिंतीच्या पार वरच्या अंगाला लहान खिडक्या होत्या. त्या दोरीने उघडायच्या आणि ती दोरी ओढायचा मान ज्याच्या त्याच्या वर्गाच्या मॉनिटरचा. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असायची तेव्हा नऊ वाजता पूर्वेच्या दोऱ्या सोडायच्या आणि उत्तरेच्या ओढायच्या, की वरून गरम हवा निघून जायची. समोर टोकदार कमानींचा लांबलचक व्हरांडा. त्याच्या फरशीवर पाय ठेवला की चपला काढून टाकाव्याशा वाटत. शिकवणं सगळं मराठीत, तरी गाव तिला इंग्रजी शाळाच म्हणायचं.

या नावाचा मला राग यायचा. राग मला तसा कशाचाही यायचा, पण या नावाचा जास्त, कारण माझे आबा गवंडी होते. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचे वडील गवंडी, त्यांचेही वडील गवंडी. पाचवीत इतिहासाच्या गुरुजींनी व्हरांड्याकडे हात करून सांगितलं, की ही इमारत इंग्रजांनी बांधली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, इंग्रज काय डोक्यावर घमेली वाहत होते का?" वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. उरलेला तास मी व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी होते. गार दगड पाठीला लागत होता, त्यामुळे शिक्षा म्हणून ती काही फारशी जमली नाही.

संध्याकाळी हे आबांना सांगितलं. ते हातपाय धूत होते. तोंडावर पाणी मारताना मध्येच थांबून हसले.

"बरोबर बोलनी तू," ते म्हणाले. मग टॉवेल घेत पुढे म्हणाले, "पन गुरुजीसंगे असं बोलानं नही."

त्याच वर्षी शाळेचा कसलासा मोठा वर्धापनदिन होता आणि त्याआधी बाहेरच्या भिंती नीटनेटक्या करायच्या ठरल्या. दगडांच्या सांध्यातला जुना चुना जागोजागी झडला होता. ते सांधे नव्याने भरायचं काम आबांना मिळालं. तोवर त्यांनी घरं बांधली होती, गोठे बांधले होते, विहिरी बांधल्या होत्या. पण सगळं गाव येताजाता बघेल असं काम पहिल्यांदाच हाताशी आलं होतं. माझी आई तर गल्लीत कोणी विचारलं नसतानाही सांगायची, "आमचे शाळेवर आहेत."

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पारोळ्याचे नाना आले. नाना आबांचे मामा. आबांच्या हातात पहिली करणी, म्हणजे गवंड्याची थापी, त्यांनीच दिली होती. ते चुन्याचे गवंडी. किल्ल्याच्या तटाशेजारी जन्म गेलेला, त्यामुळे सिमेंटच्या पोत्याकडे ते परक्या कुत्र्याकडे बघावं तसे बघायचे. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, पुढे गेले, पुन्हा ठेवला. असं करत कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले.

"चुनाच भर, भो," ते म्हणाले. "भीतले घाम येस. त्याले बाहेर निघाले वाट लागस."

आबा म्हणाले, चुना महिनाभर भिजत घालायचा, बैलाच्या घाणीत मळायचा, घाणी आहे कोणाकडे आता, कार्यक्रम तोंडावर आलाय. हे सगळं खरंच होतं. पण मी तिथे होते आणि मला आबांचा चेहरा दिसत होता. त्यांना सिमेंटच भरायचं होतं. दगडांच्या मधून बोटभर उठून आलेल्या राखाडी रेघा, ओळंबा लावल्यासारख्या सरळ, लांबून दिसणाऱ्या. चुन्याची रेघ दगडात मिसळून जाते. ती कोणाला दिसणार? नानांनी आईच्या हातची कळण्याची भाकरी खाल्ली, ठेच्याला चांगला म्हणाले आणि दुपारच्या एसटीने परत गेले. भिंतीबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

आबांनी दीड महिना काम केलं. मी मधल्या सुट्टीत परांचीखाली जाऊन उभी राहायची आणि मैत्रिणींना सांगायची, ते बघा, ते माझे आबा. एकदा त्यांनी मला वर घेतलं. पाचवी ब च्या खिडकीखाली एक आडवा सांधा मोकळा होता, माझ्या हाताएवढा लांब. माल भरून त्यांनी लहान करणी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ओढ. मी श्वास धरून ओढली. सुरुवात ठीक झाली, पण मध्ये रेघ पोटात दुखल्यासारखी वाकली आणि शेवटी कशीबशी दगडाला जाऊन टेकली. मला वाटलं आता ते पुसून नवी ओढतील. त्यांनी ती तशीच राहू दिली.

कार्यक्रमाला मोठे पाहुणे आले. त्यांनी भाषणात भिंतींचं कौतुक केलं, आणि आबांना व्यासपीठावर बोलावून टोपी, टॉवेल आणि नारळ दिला. आबांनी ती टोपी जागच्या जागी डोक्यावर घातली. पाहुण्यांना नमस्कार करायचा विसरले आणि पायऱ्या उतरताना अडखळले. त्या दिवसाइतका मला कोणाचा अभिमान पुढे कधी वाटला नाही, माझ्या मुलांचासुद्धा नाही.

त्यानंतर आमचे रविवार सुरू झाले. रविवारी बाजार करून येताना आबा शाळेच्या कोपऱ्यावर सायकलवरून उतरायचे. एका हाताने सायकल ढकलत, दुसऱ्या हाताचं बोट भिंतीच्या रेघेवरून फिरवत चालायचे. मागून मी, माझंही बोट रेघेवर. बोलायचं नाही असा नियम. पाचवी ब च्या खिडकीखाली आलो की मात्र ते थांबायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि विचारायचे, "हाई कोन्ही करं?" मी म्हणायची, "मी." मग भिंत संपायची, शेवटच्या कोपऱ्यावर ते मागे न बघता विचारायचे, "सरळ शे का?" आणि मी म्हणायची, "सरळ शे, आबा." कॅरिअरला लावलेल्या पिशवीत मेथी असायची, वांगी असायची, कधी माझ्यासाठी गोडशेव. माझ्या लहानपणातलं एकच काही परत मिळणार असेल तर मी ती शेदोनशे पावलं मागेन.

आठवीच्या पावसाळ्यात शाळा आतून ओली झाली. आधी हेडमास्तरांच्या खोलीत भिंतीवर डाग आला, मग शेजारच्या वर्गात. दुसऱ्या वर्षी गिलावा फुगला. दहावीत होते तेव्हा एका सोमवारी शाळा उघडली तर चित्रकलेच्या वर्गात बाकांवर कौलांचा ढिगारा होता, आणि सागवानी तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजून भुसा झालेलं. रविवारी पडलं म्हणून कोणाला लागलं नाही. बाहेर आबांच्या रेघा मात्र जशाच्या तशा होत्या. एक कपचा उडाला नव्हता.

एक म्हातारे इंजिनिअर बघायला आले. मी व्हरांड्यात घुटमळत होते, त्यांचं बोलणं सगळं ऐकलं. त्यांनी शेकोटीत डोकं घातलं, वर बघितलं आणि हेडमास्तरांना समजावून सांगितलं. धुराड्याचं तोंड उघडं, त्यातून दर पावसाळ्यात पाणी भिंतीच्या पोटात उतरतं. इमारत झाल्यापासून उतरतंय. पूर्वी ते चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू बाहेर निघून वाळून जायचं. आता बाहेरून सिमेंटने वाटा बंद झाल्या, मग ते आत येणार नाही तर जाणार कुठे?

"हे सिमेंट कोणी भरलं?" त्यांनी विचारलं.

हेडमास्तर नवे होते. ते म्हणाले, "असेल कोणीतरी लोकल माणूस."

मी, जिला गप्प बस म्हणून सांगून शिक्षक थकले होते, ती गप्प बसले. घरी गेल्यावरही बोलले नाही. पण अशी गोष्ट गावात लपत नाही, आबांना कळायचं ते कळलंच. पुढच्या रविवारी बाजारातून निघाल्यावर त्यांनी सायकल डावीकडे वळवली. पांझरा नदीच्या बाजूने, मागच्या गल्ल्यांतून, चांगला मैलभर वळसा. मी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग मीच अभ्यासाचं कारण सांगून बाजाराला जायचं बंद केलं. त्यांना कोणी बोल लावला नव्हता, हेच त्यांना लागलं असावं असं मला आता वाटतं. टोपी-टॉवेल ज्यांनी दिला, ते विसरून गेले होते.

दहावीनंतर मी जळगावला सिव्हिलच्या डिप्लोमाला गेले. वर्गात आम्ही चार मुली. गल्लीतल्या बायकांनी आईला विचारलं, पोरगी घमेली वाहणार का, आणि आईने सांगितलं, हो, इंग्रजांच्या शाळेत शिकली ना. होस्टेलची इमारत नवी कोरी होती. स्लॅब दिवसभर तापायचा आणि संध्याकाळी खोलीत पाऊल टाकलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटायचं. मी कॉटवर पडून छताकडे बघत ओढायला दोरी शोधायची. त्या शाळेची इतकी आठवण यायची की घराचीही तेवढी येत नसे, आणि शाळा म्हटली की ती भिंत, आणि भिंत म्हटली की पुढे चालणारी आबांची पाठ. आमच्या पुस्तकात सिमेंटचे सात धडे होते. चुन्यावर दीड पान होतं. मी ते दीड पान पाठ केलं होतं.

शेवटच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत धुळ्याला आले. शाळेतून एक दाखला आणायचा होता. शाळेच्या कोपऱ्यावर आले तर भिंतीला परांच्या लागलेल्या. बाहेरगावचा कोणी ठेकेदार जुन्या पद्धतीने दुरुस्ती करत होता. धुराड्याचं तोंड दगड बसवून बंद केलं होतं. दहाबारा माणसं छिन्नी-हातोडीने सांध्यातलं सिमेंट काढत होती, भिंतभर टकटक चालली होती. त्या माणसांत, वरून तिसऱ्या फळीवर, डोक्याला फडकं बांधलेले आबा होते.

मला आधी खरंच वाटेना. घरी ते आईला सांगून निघत, की एका बंगल्याचं काम आहे. आणि इथे दुसऱ्याच्या हाताखाली, रोजंदारीच्या माणसांत बसून, स्वतःच्या हाताने ओढलेल्या रेघा स्वतःच फोडत होते. मला इतका राग आला की मी रस्त्यातूनच ओरडले, "आबा, खाली या! तुम्हाला कोणी सांगितलंय हे?"

टकटक थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबांनी खाली बघितलं, छिन्नी कमरेला खोचली आणि शांतपणे उतरून आले. केसांत, भुवयांत राखाडी भुकटी भरली होती.

"सायेबनी चूक सायेब तशीच ठेई गया," ते धुराड्याकडे हात करून म्हणाले. "मी मनी चूक ठेवाव नही."

मी इकडेतिकडे बघितलं, तेव्हा कडुलिंबाखाली बसलेले नाना दिसले. पारोळ्याचे नाना. डोळ्यांनी जवळजवळ दिसायचं बंद झालेलं. समोर ओल्या पोत्यांखाली चुन्याचा ढीग. एक बाई घमेल्यातून मळलेला चुना आणायची. नाना चिमटीत धरून बोटांनी चोळायचे आणि मान हलवायचे किंवा म्हणायचे, अजून मळ. आबा स्वतः पारोळ्याला जाऊन त्यांना घेऊन आले होते. तिथे ते काय म्हणाले, नाना काय म्हणाले, हे मला कधीच कळलं नाही. मी पाया पडले तेव्हा नानांनी माझा हात धरून पंजा चाचपला आणि म्हणाले, पोरीचा हात गवंड्याचा आहे. मी वाट बघत होते की आता ते म्हणतील, मी तेव्हाच सांगितलं होतं. ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

आबा मला पाचवी ब च्या खिडकीपाशी घेऊन गेले. तिथली भिंत सगळी उकरून झाली होती, सांधे मोकळे, आतून धुतलेले. फक्त एक हातभर राखाडी रेघ शिल्लक होती, मध्येच पोटात दुखल्यासारखी वाकलेली. ती त्यांनी तशीच ठेवली होती. मला क्षणभर वाटलं, ही ते ठेवणार. मन भरून आलं माझं.

त्यांनी छिन्नी आणि हातोडी माझ्या हातात दिली.

"मनं मी काढं," ते म्हणाले. "तुनं तू काढ."

मला नको होतं. मी म्हणाले, राहू द्या ना आबा, एवढीशी तर आहे, एवढ्याने काय भिंत पडणार आहे? ते बाजूला उकिडवे बसून राहिले. मग मी काढायला घेतली. सिमेंट भलतंच चिवट होतं. दगडाला धक्का न लावता ते काढायचं तर छिन्नी तिरकी धरावी लागते, हे त्यांनी माझा कोपर धरून दाखवलं. दुसरं काही शिकवलं नाही. तेवढी हातभर रेघ काढायला मला दुपार झाली. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा मी रडत होते आणि भुकटीमुळे रडतेय असं दाखवत होते. आबांनी तुकडे झाडून घमेल्यात टाकले, सांधा पाण्याने भिजवला आणि नानांनी पास केलेला चुना मला आणून दिला.

चुना सिमेंटसारखा घाई करत नाही. मी भरला, दाबला, दगडाच्या कणभर आत बसवला. करणी ओढली ती या वेळीही मध्ये जराशी हललीच. मी आबांकडे बघितलं. त्यांनी ओलं पोतं घेतलं, सांध्यावर लावलं आणि उठले.

"आते कोनले कळाले नको," ते म्हणाले, "आठे आपला हात लागेल शे ते."

दिवाळीनंतर मी जळगावला परत गेले. काम फाल्गुनापर्यंत चाललं असं आईच्या पत्रात होतं. त्याच पत्रात शेवटी लिहिलं होतं, की तुझे आबा बाजारातून पुन्हा शाळेवरून येतात. नाना पुढच्या उन्हाळ्यात गेले. मला नोकरी लागली, मी गाव सोडलं, लग्न झालं, आणि आबांबरोबर ती भिंत पुन्हा चालायची राहून गेली. म्हणजे सुट्टीत यायचे, पण कधी मुलं लहान, कधी घाई, कधी ऊन. आपण जाऊ, पुढच्या वेळी जाऊ. असं करत आबाही गेले.

त्यांच्या नंतर घरातलं सामान आवरायला धुळ्याला गेले होते. लोखंडी पेटीत ती टोपी निघाली, घडी घातलेली, पिवळी पडलेली. ती बघितल्यावर मला घरात बसवेना. मी शाळेवर गेले. सुट्टी होती, फाटक लोटलेलं. आत जाऊन पाचवी ब च्या खिडकीखाली बसले आणि माझी रेघ शोधायला लागले.

सापडली नाही. चुना एव्हाना दगडासारखाच काळवंडला होता. सगळे सांधे एकसारखे, एका वयाचे वाटत होते. मी बोट फिरवलं, चष्मा काढून बघितलं, खालून तिसरी की चौथी ओळ ते आठवून बघितलं. सिमेंट असतं तर रस्त्यावरून दिसली असती. मला वेड्यासारखी ती वाकडी रेघ हवी होती, आणि तिच्याशेजारी आबा उकिडवे बसलेले हवे होते.

मागून वॉचमन आला. वयस्कर, गळ्यात मफलर.

"काय देखी ऱ्हायनात, ताई?"

"भिंत बघतेय," मी म्हणाले. "मी इथे शिकले."

तो खूश झाला. त्याने भिंतीवर थाप मारली, स्वतःच बांधल्यासारखी. "हाई बठ्ठं इंग्रजसना टाईमनं शे, ताई. तवयपासून कोन्ही हात लायेल नही. देखा ना, एक रेघ वाकडी सापडाव नही."

जन्मभर मी या वाक्याशी भांडत आले होते. गुरुजींशी भांडले, नवऱ्याशी भांडले, एकदा बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाशी भांडले. तोंड उघडलंसुद्धा होतं.

"हो ना, भाऊ," मी म्हणाले. "सगळं इंग्रजांच्याच वेळचं."

तो फाटकाकडे गेला. मी उठले, भिंतीच्या या टोकाला गेले, सांध्यात बोट ठेवलं आणि चालायला लागले. खिडकीखाली थांबले नाही, कारण कुठे थांबायचं ते कळत नव्हतं. शेवटच्या कोपऱ्यावर पोचले तेव्हा बोटाच्या टोकाला काळी धूळ लागली होती. कोणी विचारलं नव्हतं, तरी मी मोठ्याने म्हटलं, "सरळ शे, आबा. बठ्ठं सरळ शे."